ताईच्या दहाव्याचं लाइव्ह

आता कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाले? पण चाय सांगून बसलेच आहा, तर ऐका. आमच्या अर्ध्या पिपरी मेघे गावाले ही गोष्ट माहीत झाली आहे, उरलेल्या अर्ध्याले माह्या बायकोनं सांगतली. तुम्हीच तेवढे राह्यले होते. हसा खुशाल, माहं काही म्हणणं नाई. पण मधात मी जरासा थांबलो तर थांबू द्या मले. गोष्ट माह्या ताईची आहे, आन् ताई आता नाई.

मी कापडवाला माणूस. वर्ध्यात पडदे-चादरीचं दुकान. पण सोयऱ्याधायऱ्यात माहं नाव काय, तर 'नेटवर्कवाले दिगूभाऊ'! कोणाचा टीव्ही मोबाईलले जोडायचा, कोणाच्या लग्नाचं लाइव्ह करायचं, कोणाची मॅच मधातच अटकली, की लावा दिगूभाऊले फोन. शिकलो-बिकलो काही नाई. पण पडद्यावर ते गोल चक्कर फिरायले लागलं न, की माहं डोस्कंच फिरते. अरे, तिकडे नवरीच्या गळ्यात माळ पडून राह्यली आन् तुम्ही आम्हाले चक्कर काय दाखवता? मी हात धुऊन त्या चकराच्या मागं लागलो.

त्याचा इलाज सांगतो, फुकटात. आपल्याकडे नळ येते का रोज धड? कधी धार, कधी नुसती फुसफुस. मंग आपण छतावर टाकी बसवतो. पाणी आधी टाकीत, टाकीतून न्हाणीत. नळ फुसफुसला तरी आंघोळ काही थांबत नाई. व्हिडिओचंही तसंच. सरळ पाठवला तर नेट कमी झालं की चित्र फाटते. त्यापेक्षा जरासा साठवायचा आन् मागून सोडायचा. पाहणाऱ्याले मिनिटभर उशिरा दिसते, पण दिसते कसं? एकदम साफ! सेटिंगमधे ते असते. लोक हात लावत नाईत, मी लावतो. मले कोणी थांबवलं नाई, हेच चुकलं.

तर ताई. कुसुमताई, माह्यापेक्षा मोठी. समुद्रपूरले राहे. भाऊजी लवकर गेले, मंग तिनं ब्लाऊज शिवून शिवून एकुलत्या पोराले इंजिनिअर केलं. तो अमोल. जर्मनीत आहे. ताईचा जीव दोनच गोष्टीत, एक अमोल आन् दुसरी चाय. अमोलचा फोन आला तरी आधी चाय मांडे, मंग फोन उचले. "उकळी येऊ दे, पोट्टा कुठी पळून राह्यला का?" म्हणे.

तिचं काही दुखलं-खुपलं नाई हो. सकाळी अंगण झाडता झाडता बसली, ते बसलीच. डॉक्टर येईपर्यंत सारं संपलं होतं.

मी अमोलले फोन केला. आता त्याची बायको तिकडे दवाखान्यात, दिवस भरत आलेले, डॉक्टरनं पलंगावरून उठू नको म्हणून सांगतलेलं. परक्या देशात तिच्यापाशी दुसरं कोण? "मामा, मी कसा येऊ?" म्हणला. मी म्हतलं, "बेटा, तू तिथीच राहा. मामा आहे न. सारं दाखवतो तुले."

दाखवलं! काय दाखवलं ते ऐका. स्मशानात व्हिडिओ कॉल लावला. घाईत मोबाईल हातात, ना तिपाई, ना सेटिंग. शेवटचं दर्शन घ्यायले ताईच्या तोंडावरचं कापड बाजूले केलं, आन् नेमकं तेव्हाच नेट गेलं. चित्र फाटलं. मी हात वर करू, खाली करू, टाचा उंच करू. परत आलं तोपर्यंत चिता पेटली होती.

दोन-तीन दिवस गेले. मंग एका संध्याकाळी पोरगा फोनवर हळूच म्हणला, "मामा, आईचा चेहरा चौकोन चौकोन दिसला. मी शोधून राह्यलो होतो, यात आईचे डोळे कोणते."

ते ऐकलं आन् मी दुकानाच्या मागं जाऊन रडलो. दुनियेच्या लग्नायचं लाइव्ह केलं मी, कोणत्या नवऱ्या मुलाच्या मावशीनं काय घातलं तेही साफ दाखवलं, आन् माह्या भाच्याले त्याच्या मायचं तोंड दाखवता आलं नाई? तेव्हाच ठरवलं. दहाव्याचं लाइव्ह असं करीन, असं करीन, की पोराले वाटलं पाहिजे, आपण तिथीच उभे आहो.

दहावं पवनारले, धाम नदीवर. मी आदल्या दिवशी जाऊन नेट पाहून आलो. कोणत्या दगडाजवळ नेटच्या किती दांड्या येतात ते पाहून ठेवलं. लोक मले नदीच्या काठी मोबाईल वर धरून फिरताना पाहून काय समजले असतील, देव जाणे. दोन कंपन्यांचे सिम घेतले, मोठी तिपाई घेतली. आन् ती साठवायची सेटिंग? ती तर जितकी होते तितकी पूर्ण वर! टाकी लहान कशाले ठेवा, मोठीच ठेवा म्हतलं.

दहाव्याच्या दिवशी सकाळी सारे जमले. अमोलच्या जागी बापूराव विधी करून राह्यले होते. बापूराव म्हणजे ताईचे दीर. मोठा सरळ माणूस, पण कानानं मंद. त्यायचं मनातल्या मनात बोलणंही शेजारच्या वावरात ऐकू जाते.

मी माहा मोबाईल तिपाईवर लावला. बायकोचा मोबाईल हातात घेतला. त्यावर आपलंच लाइव्ह लावलं, का बा तिकडे पोराले काय दिसून राह्यलं ते आपल्याले समजलं पाहिजे. त्याच मोबाईलवर अमोलचा फोन, कानात वायरी.

"दिसते का रे?"

"मामा..." पोराचा आवाजच भरून आला. "एकदम साफ दिसून राह्यलं. नदीचं पाणी हालते तेही दिसते. काकाचं डोस्कं किती चकचकीत केलं हो!"

इतक्या दिवसांत पोट्टा पहिल्यांदा जरासा हसला. मले काय वाटलं सांगू? छाती अशी फुगली!

"फक्त मामा, तुमचं बोलणं आधी ऐकू येते, आन् लाइव्हमधे तेच नंतर ऐकू येते."

"त्याच्याकडे लक्ष देऊ नको. लाइव्हचा आवाज बंद कर तू. चित्र पाह्य, चित्र!"

पाह्यलं? देव इशारा देत होता. मी त्याचा आवाजच बंद करून टाकला.

महाराजांनी विधी केला. पत्रावळीवर पिंड ठेवला. सारे मागं सरकले. आता कावळा येईन, शिवीन, आन् मंग सुटलो. पण कावळा काही येईना. समोरच्या दगडावर दोन बसले होते, इकडे पाहत होते, पण उठत नव्हते.

महाराज माह्याकडे वळले. "दिगूभाऊ, हे तीन टांगाचं काय उभं केलं? कावळा भेऊन राह्यला."

"महाराज, चित्र हाललं नाई पाहिजे न."

"चित्र कावळ्याले पाहायचं आहे का?"

घेतली मंग तिपाई मागं, निंबाच्या झाडाजवळ. मोबाईलमधूनच पिंड जवळ ओढला. पुन्हा साफ! पण कावळा? कावळा तसाच.

मंग तुम्हाले माहीतच आहे. एकेक जण पुढं जाते, हात जोडते, आन् गेलेल्या माणसाचं काय मनात राह्यलं असंल ते आठवून शब्द देते. माही बायको सुनंदा म्हणली, "ताई, तुमच्या तुळशीले मी पाणी घालीन." कावळा हालला नाई. मी गेलो. म्हतलं, "ताई, तुही शिलाई मशीन मी कोणाले देणार नाई." कावळ्यानं तोंड फिरवलं. कोणी गाईचं म्हणलं, कोणी पुतणीच्या लग्नाचं म्हणलं. काहीच नाई.

आन् ऊन चढलं. हातातल्या मोबाईलमधे काही दिसेना. मी काय केलं, तिपाईजवळ खाली बसलो आन् दुपट्टा डोक्यावरून पार मोबाईलपर्यंत ओढून घेतला. जुने फोटोवाले काळ्या फडक्यात घुसत, तसा. आत काय चित्र दिसे म्हणता! पिंडावरचा तीळ न् तीळ दिसे. बाहेर ऊन, आत अंधार, कानात वायरी, त्यात बाहेरचं काही ऐकू येईना, आन् समोर ताईचा पिंड. मी आन् अमोल, दोघंच.

"मामा, काका पुढं गेले," अमोल म्हणला. मलेही दिसत होतं, बापूराव हात जोडून पिंडापुढं वाकले, काहीतरी बोलताना दिसले, मागं आले.

त्याच वेळी सुनंदानं माहा दुपट्टा ओढला. मी म्हतलं, "थांब न व! चित्र हालते!" तिनं पुन्हा ओढला. मी तिचा हात झटकला. बायकोच्या जातीले क्वालिटीची काही कदरच नाई, म्हतलं मनात.

अमोल म्हणला, "नाई आला, मामा. काकासाठीही नाई आला."

"येईन रे."

"नाई येणार. माह्यावर रागावली ती. साऱ्यायनं हात जोडले, मीच नाई जोडले. ती माही वाट पाहून राह्यली, मामा." आन् पोरगा रडायले लागला. बाप्पा, ते रडणं ऐकवत नव्हतं. इतका मोठा माणूस, आन् लहानपणी शाळेतून येऊन माय घरी नसली की जसा रडे, तसाच.

मी म्हतलं, "मंग तू बोल न. बोल तुले काय बोलायचं ते. मी जोरानं सांगतो तिले."

"आई, मले माफ कर म्हणा."

मी दुपट्ट्याच्या आतूनच ओरडलो, "ताई! अमोल म्हणते, मले माफ कर!"

"मले यायचं होतं, पण हिले सोडून येता नाई आलं म्हणा."

"ताई! तुही सून दवाखान्यात आहे व! पोराचा काही कसूर नाई!"

मंग म्हणला, "आई, तुहं घर मी नाई विकत. मामाले गिऱ्हाईक पाहायले सांगतलं होतं, पण नाई विकत. बाळाले घेऊन येतो. बारसं तुह्याच घरी करतो."

आता माहाही बांध फुटला. गळा फाडून ओरडलो, "ताई! घर नाई विकत! बारसं समुद्रपूरलेच! आता तरी ये व माय! किती तरसवशील पोराले?"

आन् काय सांगू तुम्हाले! शब्द तोंडातून निघाले, आन् मोबाईलमधे, एकदम साफ, कावळा आला! उतरला, इकडे-तिकडे पाह्यलं, आन् पिंडाले चोच मारली!

"शिवला!" अमोल तिकडून ओरडला.

"शिवला! शिवला!" मी इकडून ओरडलो. "ऐकलं रे बेटा, ताईनं तुहं ऐकलं!" आन् दुपट्टा फेकून उभा झालो.

पाहतो तर काय?

पिंड अर्धा खाल्लेला. कावळा कुठीच नाई. एक कुत्रं पत्रावळीजवळ येऊन उभं. महाराज झोळी बांधून राह्यले. बाया नदीत पाय धुऊन राह्यल्या. बापूराव थर्मासातली चाय कपात ओतून राह्यले. आन् सारेच्या सारे, कप हातात, पाय पाण्यात, जिथल्या तिथी थांबून माह्याकडे पाहून राह्यले! काहीजणींच्या डोळ्याले पदर. माणूस दुःखानं भ्रमिष्ट झाला असंच वाटलं त्यायले. म्हणून कोणी मले थांबवलं नाई हो! कोणाची हिंमतच झाली नाई.

"अवो," सुनंदा हळूच म्हणली, "तो कधीचाच शिवून गेला. बापूरावभाऊजी बोलून मागं आले आन् जराशानं आला. मी दुपट्टा ओढून ओढून थकली तुमचा."

"भाऊजी काय बोलले?"

"म्हणले, 'वहिनी, तुही सकाळची चाय राह्यली न? घरी जाऊन पहिला कप तुह्या नावाचा ठेवतो.'"

समजलं का तुम्हाले? ताई चायवर गेली होती! साऱ्यायनं डोळ्यांनी पाह्यलं, हात जोडले, मोकळे झाले. आन् मी माह्या टाकीतलं शिळं पाणी पीत बसलो होतो, दुपट्ट्यात!

पण कानात अमोल होता न. त्याले काहीच माहीत नाई. तो हसून राह्यला होता, रडून राह्यला होता, बायकोले सांगून राह्यला होता, "आईनं ऐकलं माहं! मी घराचं म्हणलो आन् आली!" आता सांगा, त्या पोराले मी काय सांगू? की बेटा, तू बोलला तेव्हा ती कधीचीच उडून गेलती? तुह्या काकाच्या चायवर? मी म्हतलं, "हो बेटा, ऐकलं तिनं. आता झोप जराशी." आन् फोन बंद केला.

मंग साऱ्यायच्या पुढं हात जोडले. "हे अमोलले कोणी सांगायचं नाई. पोराच्या मनाले बरं वाटून राह्यलं, तर वाटू द्या." सारे हो म्हणले. बापूराव तर काठावरच्या साऱ्या लोकायले ऐकू जाईन अशा आवाजात म्हणले, "मी कशाले कोणाले सांगतो!"

घरी आलो. मनात एक धाकधूक होती, पण एक समाधानही होतं. चित्र कसं आलं होतं! आन् मी शहाण्यानं काय केलं, माहीत आहे? साऱ्यायचं तोंड बंद केलं न? मंग संध्याकाळी बसून, लाइव्हपेक्षाही भारी क्वालिटीचं रेकॉर्डिंग काढलं आन् स्वतःच्या हातानं अमोलले पाठवून दिलं. खाली लिहिलं, "जपून ठेवजो."

तुम्ही हसून राह्यले, पण त्या वेळी मले खरंच सुचलं नाई. माह्या डोक्यात फक्त एकच, की पोराजवळ आईचं काहीतरी साफ असलं पाहिजे. चौकोन चौकोन नाई.

दुसऱ्या दिवशी दुकानात फोन आला. मी गिऱ्हाईकाले पडदा दाखवून राह्यलो होतो. तसाच खांद्यावर टाकून बाजूले गेलो.

"मामा, रेकॉर्डिंग पाह्यलं."

"कसं वाटलं? साफ आहे न?"

"साफ आहे. आवाजासकट पाह्यलं."

आवाज! अरे देवा, आवाज!

"काकाचा आवाज आला. चायचं बोलले ते. जराशानं कावळा आला. मंग मामी म्हणली, 'अवो, शिवला, पाहा न.' तुम्ही म्हणले, 'थांब न व, चित्र हालते.'" पोरगा एकेक वाक्य सांगून राह्यला आन् मी पडद्याचा काठ मुठीत धरून उभा. "मंग कावळा उडाला. सारे उठले. आन् त्यानंतर तुम्ही ओरडले, अमोल म्हणते, मले माफ कर."

"अमोल, बेटा, ऐक..."

"नाई मामा, राहू द्या." आन् तो हसायले लागला. खरंच हसला हो! "चायच! दुसरं काय? मी फोन केला तरी आधी चाय मांडे ती. मी तरी कसा विसरलो?" हसता हसता त्याचा आवाज केव्हा बदलला, समजलंच नाई. मलेही रडू आलं. गिऱ्हाईक बाई पडदा तिथीच टाकून निघून गेली.

मंग त्यानं नाक ओढलं. म्हणला, "घर मात्र विकायचं नाई, मामा. तिनं ऐकलं नसंल तर नसंल. मी तर बोललो न?"

"नाई विकत, बाप्पा. कोण विकते?"

"आन् एक विचारू? रागावायचं नाई."

"विचार न."

"मी तर जर्मनीत होतो म्हणून मले आईचं जाणं उशिरा दिसलं. तुम्ही तर तिथीच बसले होते न, मामा? तुम्ही कुठी होते?"

बापूरावनं पाह्यलं, बायकोनं पाह्यलं, त्या कुत्र्यानं पाह्यलं. सख्ख्या भावानं तेवढं नाई पाह्यलं.

मी म्हतलं, "तुह्यासंगच होतो न बेटा. जर्मनीत."